येऊन राहिले ना

नरवाडे मॅडम आधी ऐकू यायच्या आणि मग दिसायच्या. कमरेला वसतिगृहाच्या चाव्यांचा हा एवढा जुडगा, गळ्यात शिट्टी, आणि चालणं असं की जणू गाडी सुटतेय. लायब्ररीच्या व्हरांड्यात छुन्‌छुन् आवाज आला की मुली पटकन मोबाईल पुस्तकाखाली सरकवायच्या. खरं तर लायब्ररीत त्यांची सत्ता नव्हतीच, माझी होती. पण माझ्या सत्तेला कोण विचारतंय?

आमचं कॉलेज विष्णुपुरीला, नांदेडच्या बाहेर, गोदावरीच्या धरणाजवळ. मी तिथं ग्रंथपाल आणि त्या मुलींच्या वसतिगृहाच्या रेक्टर. मला त्यांनी नावानं कधी हाक मारली नाही. "ए लायब्ररी" म्हणायच्या. प्राचार्यांना 'मोठं ऑफिस', मेसच्या मावशींना 'भाकरी'. लोक रागवायचे नाहीत, कारण हाक मारताना आवाजात एवढा आनंद असायचा की रागवायचं राहूनच जायचं. आता त्या निवृत्त होऊन गावी गेल्यात आणि व्हरांडा नुसता शांत आहे. असली शांतता लायब्ररीला शोभते म्हणतात. मला तर करमत नाही.

त्या इस्लापूरच्या, किनवटकडच्या. मी लातूरजवळच्या औशाची. बोलण्यात आमच्या दोघींच्या जमीन-अस्मानाचा फरक. आमच्याकडं "काय करलालास?" असं विचारतात. नरवाडे मॅडमचं सगळं 'राहून' चालायचं. हजेरी घेतली का? घेऊन राहिले. जेवलात का? जेवून राहिले. मीटिंगला सगळे बसलेत, मोठं ऑफिस घड्याळाकडं बघतंय, फोन लावला की पलीकडून ठरलेलं उत्तर, "येऊन राहिले ना बाप्पा." मी त्यांना चिडवायची की तुमच्या आयुष्यात कुठलीच गोष्ट एकदाची झाली असं नाही, सगळं आपलं होऊनच राहिलंय. त्यावर त्या म्हणायच्या, "हाव, मग? झालं म्हटलं की संपलं ना ते."

धावायला लागल्या तेव्हा पन्नाशी उलटली होती. कारण काय, तर साखर थोडी वाढली होती आणि डॉक्टरांनी रोज चाला म्हणून सांगितलं होतं. चार दिवस चालल्या आणि पाचव्या दिवशी त्यांना त्याचा कंटाळा आला. मग पंजाबी ड्रेसवर ओढणी आडवी बांधायची, चाव्या तशाच कमरेला, आणि पहाटे धरणाच्या रस्त्यानं पळत सुटायचं. पहिल्या दिवशी दूधवाल्यानं गाडी थांबवून विचारलं, मॅडम, कोण मागं लागलंय? दुसऱ्या दिवशी वॉचमनकाकांनी नेहमीचा 'जयभीम' घालून मागोमाग काठी घेऊन धाव घेतली, उगाच काही भानगड असली तर असावी जवळ म्हणून.

ही बातमी इस्लापूरला पोचली ती मात्र भलतीच. गावचा कुणीतरी नांदेडला आला होता. त्यानं जाऊन त्यांच्या आईला सरळ सांगितलं की तुमची सुमन धरणावर पळून राहिली. म्हातारीला नीट ऐकू येत नाही. तिनं ऐकलं ते एवढंच, सुमन पळाली. लगेच फोन. "कोणासंग?" मॅडमचे मिस्टर जाऊन कितीतरी वर्षं झाली होती, मुलगा पुण्याला नोकरीला. मॅडमला आधी कळेचना. कळलं तेव्हा हसू आवरेना, बोलताच येईना. म्हातारीला वाटलं, पोरगी रडते आहे. तिनं जरा वेळ थांबून समजुतीनं सांगितलं की माणूस चांगला असंल तर घरी घेऊन ये, मी काही बोलणार न्हाई. हा किस्सा मॅडम स्वतः स्टाफरूममध्ये सांगायच्या, आणि दर वेळी शेवटाला त्यांच्या कपातला चहा बशीत यायचा.

वसतिगृहात उशिरा आलेल्या मुलीला पूर्वी मेमो मिळायचा. मॅडमनी तो बंद करून टाकला आणि नवी शिक्षा काढली. सकाळी उजाडायच्या आत गेटवर हजर राहायचं आणि मॅडमबरोबर धरणापर्यंत पळायचं. पहिले काही दिवस मुलींनी बोटं मोडली. मग काय झालं कुणास ठाऊक, उशिरा येणाऱ्या मुलींची संख्या वाढायला लागली. एक तर वेळेवर येऊन गेटबाहेर उभी राहिली, घड्याळाचा काटा पुढं जायची वाट बघत. पळून आल्यावर मॅडम सगळ्यांना पर्समधला गूळ आणि शेंगदाणे वाटायच्या. बाजारात धावणाऱ्यांसाठी ताकदीच्या गोड, चिकट जेलच्या पुड्या मिळतात, त्या एका मुलीनं आणून दिल्या होत्या. मॅडमनी एक चाखून बघितली आणि म्हणाल्या, हे तर डिंक हाय.

लातूरची अर्धी मॅरेथॉन त्यांनी हसत खेळत पळून टाकली आणि तिथून अंगात आलं. पुढच्या वेळी पूर्ण. लातूरहून निघायचं, औशाच्या किल्ल्यापाशी वळायचं आणि परत लातूर. बेचाळीस किलोमीटर. मला त्यांनी हे अशा उत्साहानं सांगितलं जसं काही माझ्याच गावाला माझ्यासाठीच येणार आहेत. मी म्हटलं, मॅडम, लातूरहून औशाला दर थोड्या वेळानं बस आहे. पण ऐकतंय कोण. मे महिन्यात त्या निवृत्त होणार होत्या, मग आईकडं इस्लापूरला. म्हातारीला एकटं सोडून पहाटे तीन-तीन तास बाहेर राहणं जमणार नव्हतं. म्हणून पळायचं ते याच वर्षी. एवढं बोलून त्या लगेच पळायलाच गेल्या.

आणि अति केलं. रोज लांब, रोज जोरात, सुट्टी म्हणून नाही. पोळ्याच्या सुमाराला उजवी नडगी दुखायला लागली. आधी पळताना, मग चालताना, मग जिना उतरताना. मॅडम चाव्यांचा आवाज जोरात करायच्या, लंगडणं कुणाच्या लक्षात येऊ नये म्हणून. लातूरला माझ्या वहिनीच्या ओळखीच्या एक फिजिओथेरपिस्ट होत्या, डॉक्टर केतकी. तिशीची मुलगी, माहेर पुण्याचं, लग्न होऊन लातूरला आलेली, हुशार आणि बोलायला मधाळ. मी शनिवारी औशाला घरी जातेच, तर मॅडमना गाडीत घातलं आणि वाटेत लातूरला दाखवलं. तपासण्या झाल्या. नडगीच्या हाडाला ताणानं बारीक चीर गेली होती. केतकीनं समजावून सांगितलं की पळणं पूर्ण बंद, हाड आपोआप जुळून येईल, नीट थांबलात तर जानेवारीची मॅरेथॉन जमेलसुद्धा. नाही थांबलात तर हाड मोडेल आणि मग मॅरेथॉन विसरा. मॅडमनी मान डोलावली.

पुढच्या शनिवारी केतकीनं विचारलं, पळणं बंद आहे ना? मॅडम म्हणाल्या, "हाव, बंद करून राहिले ना." केतकी खूश. त्याच्या पुढच्या शनिवारी तोच प्रश्न. "थांबून राहिले." केतकी पुन्हा खूश, पण नडगी दाबली की मॅडम पाय ओढून घ्यायच्या. दुखणं तसूभर कमी नाही. मग रक्त तपासलं, कॅल्शियम तपासलं, सगळं ठीक. केतकी बिचारी काळजीत पडली. पुण्याच्या तिच्या सरांना फोन केला. पेशंट पूर्ण थांबून राहिली आहे, तरी हाड जुळत कसं नाही?

तिसऱ्या शनिवारी मी सहज आत बसले होते. केतकीनं कागदावरून डोकं वर न काढता विचारलं की थांबून राहिलात म्हणजे घरातच असता ना? मॅडमनी अभिमानानं सांगितलं, "न्हाई. पहिले धरणाच्या पुलापर्यंत जात होते, आता पाण्याच्या टाकीपर्यंतच. थांबून राहिले ना हळूहळू."

केतकीचं पेन थांबलं. ती माझ्याकडं बघायला लागली आणि माझ्या डोक्यात एकदम लख्ख प्रकाश पडला. पुण्याच्या कानाला 'थांबून राहिले' म्हणजे थांबले ती तिथंच राहिले, हललेच नाही. किनवटच्या जिभेला 'थांबून राहिले' म्हणजे थांबायचं काम सुरू आहे, होईल कधीतरी. दोघीही खरं बोलत होत्या. दोघीही शुद्ध मराठी बोलत होत्या. आणि मधल्या मध्ये हाड बिचारं चिरत होतं. मी दोघींना समजावून सांगितलं तेव्हा आधी केतकी कपाळाला हात लावून बसली, मग तिला हसू फुटलं, मग मॅडमना, आणि बाहेर बसलेले पेशंट दारातून डोकावून बघायला लागले. केतकीनं हसता हसता डोळे पुसले आणि मग एकदम गंभीर झाली. म्हणाली, आता शून्यापासून सुरुवात. आजपासून एक पाऊलही पळायचं नाही. आणि माझ्याशी बोलताना फक्त हो किंवा नाही.

परतीच्या वाटेवर मॅडम गप्प होत्या. चाकूर गेलं, अहमदपूर गेलं, तरी गप्प. मला भीतीच वाटायला लागली, कारण गप्प बसलेल्या नरवाडे मॅडम मी कधी बघितल्या नव्हत्या. चहाला गाडी थांबवली तेव्हा कुठं बोलल्या. नववीत असताना शाळेतून त्यांची निवड झाली होती, नांदेडला जिल्ह्याच्या शर्यतीसाठी. वडिलांनी किनवटच्या बाजारातून पांढरे कॅनव्हासचे बूट आणले होते. मुलींना घेऊन जायला सर येणार होते. सुमन पहाटेच स्टँडवर जाऊन उभी राहिली, बूट पायात. सर आलेच नाहीत. संध्याकाळी वडील येऊन तिला घरी घेऊन गेले. दुसऱ्या दिवशी सर म्हणाले, अगं, तुझं नाव राहून गेलं.

"तेवढी एकदा मी थांबून राहिले, लायब्ररी," मॅडम म्हणाल्या, "त्या पुण्याच्या पोरीच्या अर्थानं. दिवसभर. तवापासून माझं एक पळणं राहिलंय."

आता ही बाई थांबायचं म्हटलं की का बिथरते, ते मला त्या दिवशी समजलं.

पण यावेळी त्या थांबल्या. खरोखर थांबल्या. केतकीनं पळण्याऐवजी पाण्यात पळायचा व्यायाम दिला. कमरेला तरंगणारा पट्टा बांधायचा, खोल पाण्यात उभं राहायचं आणि जागच्या जागी पळत राहायचं, म्हणजे हाडावर भार येत नाही आणि दम टिकून राहतो. मॅडम सहस्रकुंडाच्या धबधब्याजवळ वाढलेल्या, पण पोहता मुळीच येत नाही. नांदेडच्या पोहण्याच्या तलावावर बायकांच्या वेळेत पहिल्याच दिवशी त्यांनी पाण्यात असे काही हातपाय मारले की तिथल्या शिकवणाऱ्या बाईंनी कपड्यांसकट उडी घेतली आणि वेणीला धरून त्यांना काठाला आणलं. मॅडम ओरडून सांगताहेत की बुडून न्हाई राहिले, पळून राहिले. बाईंना वाटलं, पाणी डोक्यात गेलं.

आठवडाभरात मात्र तो सगळा तलाव मॅडमचा झाला. बायका काठाशी येऊन विचारायच्या, निघालात कुठं? मॅडम धापा टाकत सांगायच्या, औशाला. थोड्या वेळानं पुन्हा कुणीतरी विचारायचं, पोचलात का? अजून वाटेतच, बुधोड्याला पोचून राहिले. बायकांना एवढी गोडी लागली की मॅडम 'औशाला पोचल्या' की सगळ्या मिळून टाळ्या वाजवायच्या. दिवाळीनंतर केतकीनं नडगी दाबली आणि मॅडमनी पाय ओढला नाही. केतकीनं पुन्हा जोरात दाबली. मॅडम छताकडं बघत होत्या आणि ओठ हलत होते. मला वाटलं दुखतंय. विचारलं तर म्हणाल्या, हसू दाबून राहिले.

मग सुरू झालं ते अजब दृश्य. थोडं पळायचं, थोडं चालायचं, पुन्हा थोडं पळायचं, असं केतकीचं फर्मान. मॅडम एकदा पळायला लागल्या की थांबणार नाहीत हे सगळ्यांना ठाऊक. तेव्हा मुलींनी शिट्टी मागून घेतली. जिनं मुलींवर वर्षानुवर्षं शिट्टी वाजवली त्या बाईवर आता मुली शिट्टी वाजवायला लागल्या. पहिली शिट्टी, पळा. दुसरी शिट्टी, चाला. दुसऱ्या शिट्टीला मॅडम मागं वळून असं बघायच्या की वाटावं, या मुलीला आता वसतिगृहात जागा नाही. पण चालायच्या. मीसुद्धा एकदा हौसेनं शिट्टी हातात घेतली होती. इतकी मजा मला आयुष्यात कधी आली नाही.

तरी शेवटपर्यंत नक्की काहीच नव्हतं. मॅरेथॉनच्या आदल्या शनिवारी केतकीनं सांगितलं की उतरा, पण औशाला वळणावर मी ग्रंथपाल मॅडमना उभं करणार. त्या एकच प्रश्न विचारतील, नडगी दुखतेय का? हो म्हणालात तर तिथंच थांबायचं, गाडीत बसायचं. खोटं बोललात तर माझ्याकडं परत यायचं नाही. मॅडमनी 'हो' म्हटलं. माझ्या माहितीत त्यांचं पहिलं शहरी 'हो'.

त्या दिवशी औशाला किल्ल्याजवळ मी थंडीत कुडकुडत उभी होते. जोरात पळणारी पोरं केव्हाच वळून गेली होती. मग मधले गेले. मग तुरळक. बाजाराला आलेल्या गाड्या वाढायला लागल्या, ऊन वर आलं. माझा जीव नुसता टांगणीला लागला होता. मी स्वतःला समजावत होते की अगं, बेचाळीस किलोमीटर आहे, आणि ती बाई निवृत्तीला आलीय. आणि तेवढ्यात आवाज आला. छुन्‌छुन्‌छुन्. रस्त्याच्या वळणावर ओढणी आडवी बांधलेल्या नरवाडे मॅडम, कमरेला चाव्यांचा जुडगा. केतकीनं शंभरदा सांगूनही त्या चाव्या कुणाकडं देऊन आल्या नव्हत्या. मी विचारलं, नडगी दुखतेय का?

"न्हाई," त्या म्हणाल्या. "तळपायाची आग होऊन राहिली, मांड्या ओरडून राहिल्या. पण नडगी गप हाय. आईची शप्पथ."

मी त्यांच्या डोळ्यात बघितलं. खरं होतं. मग त्यांनी असं काही केलं की मी थक्कच झाले. कमरेचा जुडगा सोडला आणि माझ्या हातात दिला. त्या चाव्या त्यांनी सुट्टीवर जातानाही कुणाला दिल्या नव्हत्या. मोठं ऑफिस मागायला आलं होतं तेव्हाही नव्हत्या दिल्या. "जड होऊन राहिल्या," म्हणाल्या, आणि वळल्या, आणि लातूरकडं चालू लागल्या. मग थोडं पळाल्या. मग चालल्या.

मी गाडी काढून लातूरला शेवटच्या रेषेपाशी गेले. केतकी तिथं आधीच येऊन उभी होती, डोक्यावर टोपी, हातात बर्फाची पिशवी. एक एक करत लोक येत होते आणि गळ्यात पदक घालून घेत होते. नंतर येणारे कमी झाले. नंतर कुणीच येईना. मंडपातल्या खुर्च्या उचलायला सुरुवात झाली, गाणी वाजवणारा वायर गुंडाळायला लागला. आयोजकांनी सांगितलं, वेळ झाली. केतकीनं मला फोन करायला लावला. बराच वेळ रिंग वाजली. मी विचारलं, मॅडम, कुठं आहात? पलीकडून धाप, ट्रकचा हॉर्न, पुन्हा धाप. मग तेच ते. "येऊन राहिले ना."

केतकीनं माझ्याकडं बघितलं. काय म्हणाल्या, म्हणून विचारलं. मी सांगितलं. तेवढ्यात दोन माणसं शिडी लावून शेवटच्या रेषेवरची कमान सोडवायला चढली. एकानं दोरीला हात घातला, आणि आमची ती मधाळ बोलणारी, पेशंटशी सुद्धा हळू बोलणारी पुण्याची पोरगी भर रस्त्यात ओरडली,

"काढू नका ती! येऊन राहिल्यात त्या!"

माणसं शिडीवरच थांबली. दोरी हातात घेऊन ती औशाच्या रस्त्याकडं बघायला लागली. खुर्च्या उचलणाऱ्यांनी खुर्च्या खाली ठेवल्या. मी चाव्यांचा जुडगा छातीशी धरून उभी होते, आणि खरं सांगते, मी रडत होते.

पहिल्यांदाच त्या दिसल्या आधी. आवाज नव्हता, चाव्या माझ्याकडं होत्या ना. उन्हात रस्त्याच्या कडेनं एक बाई, ओढणी घामानं पाठीला चिकटलेली, पळतेय म्हणावं तर चालल्यासारखी आणि चालतेय म्हणावं तर पळाल्यासारखी. थांबली मात्र नव्हती. शिडीवरचा माणूस आधी टाळ्या वाजवायला लागला, मग सगळेच. केतकी पुढं धावली आणि त्यांच्या बरोबरीनं पळत आली, बर्फाची पिशवी हातात तशीच. कमानीखालून दोघी बरोबर आल्या.

मॅडम माझ्यापुढं येऊन उभ्या राहिल्या. गुडघ्यांवर हात टेकून खाली वाकल्या, श्वास घेतला, पुन्हा घेतला. मला वाटलं आता काहीतरी मोठं बोलतील, इस्लापूरचं, स्टँडचं, त्या पांढऱ्या बुटांचं. त्यांनी मान वर केली. चेहरा नुसता फुलून आला होता.

"आले," त्या म्हणाल्या.

आणि हात पुढं केला. "चाव्या दे."